रूपाचा ध्यास आणि उमलते वय



जिंतूरजवळचे नेमगिरी आणि नवागड ही परभणी जिल्ह्यातील जैन समाजाची दोन मोठी श्रद्धास्थाने. दोन्ही ठिकाणी बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ मूलनायक म्हणून पूजिले जातात. शास्त्रकारांनी चोवीस तीर्थंकरांचे वर्ण सांगून ठेवले आहेत. त्यांपैकी सोळा सुवर्णवर्णी, दोन श्वेत, दोन रक्तवर्णी. मुनिसुव्रतनाथ आणि नेमिनाथ हे मात्र श्यामवर्णी आहेत. कथापरंपरेत असा एक गोड प्रसंग येतो की, वरात दारी येत असताना राजुलच्या सख्या वराच्या काळ्या रंगावरून तिची थट्टा करतात आणि राजुल जगातील काळ्या वस्तूंचीच थोरवी त्यांना ऐकवते. ज्या जिल्ह्याच्या दोन्ही क्षेत्रांचे आराध्य श्यामवर्णी, त्याच जिल्ह्यात पंधरा-सोळा वर्षांची कन्या आरशासमोर उभी राहून रंगासाठी झुरत असेल, तर त्या विसंगतीकडे समाजाने डोळेझाक करणे योग्य नव्हे.

आता प्रश्न केवळ रंगापुरता उरलेला नाही. नाक सरळ हवे, ओठ भरीव हवेत, हनुवटी टोकदार हवी, कंबर बारीक हवी, मुलांना छाती रुंद आणि जबडा कोरलेला हवा. एकेकाळी नाक बदलून घेणे ही मुंबईच्या चित्रसृष्टीतील कुजबुजीची गोष्ट होती. आज पुणे, हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर येथील दवाखान्यांच्या जाहिराती सेलू-मानवतच्या मुलांच्या मोबाईलवर आपोआप येऊन पडतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी, आणि खाली सुलभ मासिक हप्त्यांची सोय! मुलांच्या मनात काय चालले आहे, याचा पत्ता मात्र शेजारच्या खोलीतील आईवडिलांनाही नसतो.

या विषयावर बोलताना पहिली चूक होते ती शल्यविद्येलाच दोष देण्याची. वस्तुतः ही विद्या याच भूमीतील आहे. सुश्रुतसंहितेत कापलेले नाक पुन्हा घडवण्याची कृती आहे आणि फाटलेली कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. (जड कुड्यांनी ओघळलेली पाळी शिवून घेण्यासाठी आजही कितीतरी आजीबाई डॉक्टरांकडे जातात, तेव्हा त्या सुश्रुताचीच परंपरा चालवतात.) अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा पकडला गेला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळावरील त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली आणि ऑक्टोबर १७९४ च्या लंडनमधील ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती चित्रासह प्रसिद्ध झाली. तो वृत्तांत पाहून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये इंग्लंडात तशी शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा हा उगम एका अनाम मराठी कारागिराच्या हातून झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

स्वातंत्र्योत्तर काळात डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या रुग्णालयात कुष्ठरोग्यांची वाकलेली बोटे आणि बसलेली नाके सुधारण्याचे काम केले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जरीचा विभागही त्यांनीच नावारूपाला आणला. डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ मध्ये या शाखेचा स्वतंत्र विभाग सुरू केला. आणि या मालिकेतील एक नाव तर जैन समाजाच्या सेवाकार्याशी कायमचे जोडले गेले आहे. ते म्हणजे डॉ. शरदकुमार दीक्षित.

पंढरपूरला जन्मलेले डॉ. दीक्षित अमेरिकेत स्थायिक झाले. १९६८ पासून दरवर्षी ते भारतात येत आणि गावोगावच्या शिबिरांत विनामूल्य शस्त्रक्रिया करीत. मोटार अपघाताने शरीराची एक बाजू अधू झाली, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागले, हृदयविकाराचे झटके आले. तरीही चाकांच्या खुर्चीवर बसून हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत टाके घालीत राहिला. दुभंगलेला ओठ, तिरळे डोळे, लोंबणारी पापणी, चेहऱ्यावरील व्रण, असे हजारो चेहरे त्यांनी सरळ केले. भारतीय जैन संघटनेने महाराष्ट्रात त्यांची अनेक शिबिरे भरवली. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०११ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ अशी शिबिरे पुढेही होत राहिली.

शिबिराला येणाऱ्या मुलीला सुंदर व्हावयाचे नसते. तिला चारचौघींत मिसळावयाचे असते. दुभंगलेल्या ओठामुळे नीट बोलता येत नाही, शाळेत नाव पडते, ‘ग्रहणात आईने काही चिरले असेल’ म्हणून आईलाही जन्मभर बोल लावला जातो. चुलीवर भाजून मान छातीला चिकटलेल्या मुलीची गोष्टही तीच. अशा उपचाराला कोणी भोगलालसा म्हणणार नाही. शासनानेही तो ओळखला आहे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होऊन दुभंगलेले ओठ आणि टाळू यांवर मोफत उपचाराची सोय होते. ज्या घरी असे मूल आहे, त्यांनी लाजून न राहता जिल्हा रुग्णालयात जावे. ओठाची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच झाली, तर तिचा लाभ अधिक असतो.

परंतु आज ज्या मुलांचा प्रश्न समोर आहे, त्यांचे नाक शाबूत आहे, ओठ शाबूत आहेत आणि तरीही ती दुःखी आहेत. हे दुःख खोटे आहे असे म्हणून त्यांना हसण्यावारी नेणे, ही वडीलधाऱ्यांकडून होणारी दुसरी चूक. दुःख खरेच असते. त्याचे कारण मात्र चेहऱ्यात नसते.

ते कोठे असते, हे पाहण्यासाठी पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांकडे वळावे लागेल. तेथे भरल्या अंगाची मुलगी ही सुखवस्तू घराची खूण मानली जाई. १९९५ मध्ये तेथील नद्रोगा प्रांतात दूरदर्शन पोहोचले. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, अमेरिकन संशोधिका अ‍ॅन बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुलींचे प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेलेले आढळले. बेटे तीच होती. घरात केवळ एक पडदा आला होता. आज तो पडदा तळहातावर आला आहे. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचे अंतर्गत कागद उघड झाले, त्यांत कंपनीच्याच पाहणीची नोंद होती: ज्या किशोरींना स्वतःच्या शरीराविषयी वाईट वाटत होते, त्यांच्यापैकी ३२ टक्के मुलींना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटू लागले.

त्यातही गंमत अशी की, ज्या छायाचित्रावरून मूल स्वतःला नावे ठेवते, ते छायाचित्रच मुळात फसवे असते. साधारण १२ इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाक प्रत्यक्षाहून सुमारे ३० टक्के रुंद दिसते, असे २०१८ मध्ये अमेरिकेतील शल्यतज्ज्ञांनी गणिताने दाखवून दिले. कॅमेरा जितका जवळ, तितके चेहऱ्याच्या मध्यभागी असलेले नाक मोठे. म्हणजे हात आखूड म्हणून नाक मोठे! त्यावर दुसरी मात्रा फिल्टरची. तो त्वचा गुळगुळीत करतो, डोळे मोठे करतो, हनुवटी निमुळती करतो. पूर्वी लोक नटीचे छायाचित्र घेऊन शल्यतज्ज्ञाकडे जात. आता स्वतःचेच सुधारलेले छायाचित्र घेऊन ‘मला असे करा’ म्हणणारे तरुण येतात, असे या क्षेत्रातील डॉक्टर सांगतात.

काही मुलांच्या बाबतीत हा ध्यास आजाराची पायरी गाठतो. इतरांना न दिसणारे किंवा नगण्य असे व्यंग त्यांना दिवसाचे कित्येक तास छळते. ती आरसा सोडत नाहीत, किंवा आरसे झाकून ठेवतात. शाळा बुडवतात, छायाचित्र काढू देत नाहीत. एन्रिको मॉर्सेली या इटालियन मनोविकारतज्ज्ञाने १८९१ मध्येच या विकाराचे वर्णन केले होते. तो बहुधा किशोरवयातच सुरू होतो आणि शस्त्रक्रियेने सहसा बरा होत नाही. नाक झाले की लक्ष हनुवटीकडे जाते. अशा मुलाला शल्यतज्ज्ञाआधी मनोविकारतज्ज्ञाची गरज असते. परभणीसारख्या ठिकाणी तेथवर जाण्याचा संकोच वाटत असेल, तर केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या बोलता येते.

मुलग्यांविषयी तर घरात कोणी बोलतच नाही. मंदिरात अभिषेकासाठी सोवळे नेसण्यास तेरा-चौदा वर्षांचा मुलगा एकाएकी टाळाटाळ करू लागला की ‘धर्माची गोडी उरली नाही’ म्हणून त्याला रागावले जाते. प्रत्यक्षात उघड्या अंगाने उभे राहण्याची त्याला लाज वाटत असते. पौगंडावस्थेत जवळजवळ निम्म्या मुलांच्या छातीवर थोडी सूज येते. संप्रेरकांच्या चढउतारामुळे ती येते आणि बहुतेकांची एक-दोन वर्षांत आपोआप ओसरते. हे वडिलांनी दोन वाक्यांत सांगितले असते, तर त्या मुलाने चोरून जाहिरातीतील गोळ्या मागवल्या नसत्या किंवा व्यायामशाळेत कोणी पुढे केलेले इंजेक्शन टोचून घेतले नसते. उंची वाढवणाऱ्या चूर्णांचेही तेच. हाडांची वाढीची टोके एकदा मिटली की जगातील कोणत्याही चूर्णाने उंची वाढत नाही.

वय हा येथे कळीचा मुद्दा आहे. नाकाचे हाड आणि कूर्चा यांची वाढ मुलींमध्ये साधारण पंधरा-सोळा, मुलांमध्ये सोळा-सतरा वर्षांपर्यंत चालू असते. त्याआधी केलेली शस्त्रक्रिया पुढील वाढीबरोबर बिघडू शकते. उलट, बाहेर आलेल्या कानांची शस्त्रक्रिया सहाव्या वर्षानंतरही करता येते, आणि शाळेतील चिडवणे थांबत असेल तर ती जरूर करावी. वेडेवाकडे दात तारेने सरळ करणे, मुरुमांवर त्वचारोगतज्ज्ञाकडून वेळीच उपचार घेणे, यांत गैर काहीच नाही. मुरुम ‘वयाचे आहेत’ म्हणून सोडून देण्याने पुढे खड्डे उरतात, हेही पालकांनी लक्षात घ्यावे.

मराठवाड्यातील सामान्य घराला चाकूपेक्षा ट्यूबचा धोका अधिक आहे. परभणीहून पूर्णेमार्गे रेल्वेने जोडलेल्या अकोल्यातील घटना फार जुनी नाही. तेथील एका महाविद्यालयीन तरुणीने एका सौंदर्यतज्ज्ञाकडून गोरे करणारे क्रीम घेतले. रंग उजळला. ते पाहून आई आणि बहीणही तेच लावू लागल्या. २०२२ मध्ये तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आल्याचे निष्पन्न झाले. एका घरातील तिघींना एकाच वेळी एकच विकार कसा, याचा शोध घेता घेता मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीने त्या क्रीमची तपासणी झाली आणि त्यात मोठ्या प्रमाणावर पारा आढळला. पारा त्वचेतील रंगद्रव्य बनण्याची क्रिया रोखतो, म्हणून रंग उजळतो. परंतु तो त्वचेतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. सौंदर्यप्रसाधनांत नकळत येणाऱ्या पाऱ्याची मर्यादा सर्वसाधारणपणे दहा लाखांत एक भाग इतकी अल्प ठेवलेली आहे, ती याच कारणाने. लेबल नसलेली डबी, ‘बाहेरून मागवलेले’ क्रीम आणि आठवड्यात दिसणारा फरक, या तीन गोष्टी एकत्र आल्या की सावध व्हावे.

दुसरा प्रकार औषधदुकानातील स्टिरॉइड मलमांचा. खरूज-नायट्यासाठी आणलेली ट्यूब शेजारणीच्या सांगण्यावरून चेहऱ्यावर लावली जाते. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या आणि लव वाढते, आणि ट्यूब बंद करताच आग होऊ लागते म्हणून ती बंदही करवत नाही. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी चौदा मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास प्रतिबंध केला. चिठ्ठी मागणारा दुकानदार ग्राहकाचा शत्रू नसतो, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

शस्त्रक्रियेचे धोके अर्थातच त्याहून मोठे. मे २०२२ मध्ये बंगळुरू येथे चेतना राज ही २१ वर्षांची कन्नड अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. आई-वडिलांना आधी कल्पना नव्हती, असे तेव्हाच्या वृत्तांत आले होते. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केशरोपण आणि सौंदर्यविषयक शस्त्रक्रियांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि चित्रफिती पाहून किंवा कार्यशाळेत बसून अशा शस्त्रक्रिया शिकता येत नाहीत, असे बजावले. इंग्लंडमध्ये तर १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलांना केवळ सौंदर्यासाठी बोटॉक्सचे वा ओठ फुगवण्याचे इंजेक्शन देणे हा गुन्हा ठरला आहे. नॉर्वेमध्ये २०२२ पासून जाहिरातीत शरीराचे छायाचित्र सुधारले असेल, तर तसे त्यावर छापावे लागते.

आता थोडे शास्त्राकडे. कर्मसिद्धांताने शरीराची ठेवण नामकर्मात घातली आहे आणि तिचे सहा प्रकार, म्हणजे सहा संस्थाने, सांगितली आहेत. समचतुरस्र हे सर्वांगसुंदर, तर कुब्जक, वामन, हुंडक ही बेढब. परंतु सिद्धपदासाठी या सहांपैकी कोणतेही संस्थान चालते, असे आगमाने स्पष्ट म्हटले आहे. मुक्तीचे दार कुबड्याला, बुटक्याला, बेढबाला बंद नाही. लग्नाच्या मांडवाचे दार मात्र सावळ्या मुलीला बंद होते! उत्तराध्ययनातील हरिकेशबल मुनींचे रूप पाहून यज्ञमंडपातील लोकांनी त्यांना हिणवले, आणि शेवटी त्यांच्याच पायांशी ते नमले. आठ मदांमध्ये रूपाचा मदही गणला आहे. सनत्कुमार चक्रवर्तीची कथा सर्वांना परिचित आहे. अंगाला तेल लावलेल्या अवस्थेतही ज्याचे रूप पाहून देव थक्क झाले, तोच अलंकार घालून सभेत बसला तेव्हा देवांनी मान हलवली. तेवढ्या अवधीत शरीरात रोगाचा शिरकाव झाला होता.

मात्र एक गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. रडणाऱ्या मुलीला अशुची भावना ऐकवणे, हा उपाय नव्हे. ती भावना वैराग्याच्या वाटेवर निघालेल्यासाठी आहे. ज्या मुलीला आधीच स्वतःच्या देहाची किळस वाटते आहे, तिच्या हाती ते शस्त्र देणे अविचाराचे ठरेल. तीच सावधगिरी उपवासांबाबत. एखादी किशोरी वर्षभर एकामागून एक उपवास आणि आयंबिल करीत असेल, पारण्याच्या दिवशीही जेवत नसेल, मासिक पाळी थांबली असेल, तर तिच्या तपश्चर्येची अनुमोदना करण्यापूर्वी आईने तिला जवळ घेऊन विचारावे की हे कर्मनिर्जरेसाठी चालले आहे की वजनकाट्यासाठी. तपाच्या आड लपलेली उपासमार समाजाच्या टाळ्यांमुळे अधिकच दडून राहते.

मुलांना हा ध्यास लागतो तो सगळा मोबाईलमुळे, असे म्हणून मोठ्यांना सुटता येणार नाही. गोरेपणाचे पहिले क्रीम या देशात १९७५ मध्ये आले, तेव्हा मोबाईल नव्हता. २०२० मध्ये त्या क्रीमने आपल्या नावातील ‘फेअर’ हा शब्द टाकला आणि ते ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. कंपनीला जे उमगले, ते घरांना अजून उमगायचे आहे. ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’, ‘नाक आजोबांवर गेले, आईवर गेले असते तर बरे होते’, ‘धाकटी उजळ आहे, हिचेच जड जाईल’ ही वाक्ये मुली बालपणापासून ऐकतात, आणि ती बोलणारी माणसे प्रेमळच असतात.

आणि याच समाजाच्या हाती असलेली एक गोष्ट म्हणजे वधू-वर परिचय पुस्तिका. नाव, जन्मतारीख, शिक्षण, गोत्र, उंची आणि त्यानंतर ‘रंग’ असा रकाना. त्यात ‘गोरा’, ‘निमगोरा’, ‘गव्हाळ’ हे शब्द भरले जातात, क्वचित ‘सावळा’. ‘काळा’ असे कोणी लिहीत नाही. लिहिण्याची सोयच ठेवलेली नसल्याने पहिले असत्य तेथेच छापले जाते. शेजारी चिकटवलेले छायाचित्र स्टुडिओत उजळून आणलेले असते, मग प्रत्यक्ष भेटीत ‘फोटोत वेगळी दिसत होती’ असे मुलीच्या तोंडावर सांगितले जाते, आणि पाहण्याच्या कार्यक्रमाला चहाची ट्रे घेऊन उभी असलेली तिची चौदा वर्षांची धाकटी बहीण ते ऐकत असते. शिक्षण, व्यवसाय, आरोग्य, स्वभाव, व्यसन यांची माहिती मागणे रास्त आहे. रंगाचा रकाना काढण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, सर्वसाधारण सभेचा ठरावही लागत नाही. पुढील मेळाव्याचा अर्ज छापखान्यात जाण्यापूर्वी त्या एका शब्दावर रेघ ओढावी, आणि छायाचित्र न सुधारता पाठवावे अशी एक ओळ अर्जाच्या तळाशी वाढवावी.